दुरुस्तीचा हक्क आणि दुरुस्तीचे ज्ञान

विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा हक्क ग्राहकाला असला पाहिजे, हे तत्त्व सरकारदरबारी आता मान्य झाले आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या प्रश्नासाठी समिती नेमली. शेतीची यंत्रसामग्री, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे तिने विचारात घेतली. पुढे २०२४ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला आणि वस्तू कितपत दुरुस्त करता येईल हे सांगणारा निर्देशांक सुचविला. या प्रयत्नांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु हा निर्देशांक उद्या विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी आहे आणि तोही प्रारंभी मोबाइल व टॅब्लेटपुरता. माळ्यावर पडून असलेल्या जुन्या यंत्रांचा विचार त्यात नाही. आणि दुरुस्तीत जिवाला धोका असतो तो याच यंत्रांत.

मुंबईत दूरचित्रवाणी १९७२ मध्ये आली, देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. व्हॉल्व्हचे रेडिओ त्याच्याही आधीचे. या यंत्रांबरोबर कोपऱ्याकोपऱ्यावर दुरुस्तीची दुकाने उभी राहिली. नवे उपकरण स्वस्त झाले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि कारागिराच्या मुलाने दुसरा व्यवसाय धरला, तशी ती दुकाने मिटत गेली. जुन्या वस्तूंची ओढ मात्र मिटली नाही. आजोबांचा रेडिओ पुन्हा बोलता करावा, असे नातवाला वाटते. कारागीर मिळत नाही; मग दहा मिनिटांची चित्रफीत पाहून तो स्वतःच पेचकस हाती घेतो. यात उद्धटपणा नाही, हौस आहे. पण विजेला हौस कळत नाही.

प्लग काढला की धोका संपला, हा या क्षेत्रातील सर्वांत घातक गैरसमज होय. कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, वीज साठवून ठेवतो आणि प्लग काढल्यावरही ती त्यात राहू शकते. रंगीत दूरचित्रवाणी संचाच्या जुन्या काचेच्या पडद्यावर २०,००० व्होल्टहून अधिक दाब असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तो २,००० व्होल्टहून अधिक असतो. काही जुन्या रेडिओंत ट्रान्सफॉर्मरच नसतो; घरच्या २३० व्होल्टची एक तार थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की तो सांगाडाच जिवंत होतो. अनेक वर्षे बंद पडलेला संच एकदम पूर्ण दाबावर चालू केला, तर वाळलेले कंडेन्सर फुटतात. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी जाड तार गुंडाळण्याची आपल्याकडील सवय तर आगीला आमंत्रणच देते. घरात गळतीरोधक स्विच बसविला असला, तरी साठलेल्या विजेपुढे तो काही करू शकत नाही.

नेमके हेच धोके पुढे करून उत्पादक सांगतात की, दुरुस्ती आमच्याच केंद्रात व्हावी. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१ मध्ये सादर केलेल्या अहवालात, दुरुस्तीवरील निर्बंधांसाठी उत्पादकांनी दिलेल्या कारणांना फारसा पुरावा नसल्याचे नमूद केले. शिवाय ज्या प्रतिमानाचे उत्पादन थांबले, त्याला उत्पादकाच्या केंद्रातही कोणी हात लावत नाही. पूर्वी कित्येक रेडिओंच्या आतच मंडलाकृती चिकटविलेली असे. माहिती दडविल्याने माणूस दुरुस्ती करण्याचे थांबत नाही. तो आंधळेपणाने करतो, एवढाच फरक पडतो.

तथापि, हक्काचा पुरस्कार करणाऱ्यांनीही एक गोष्ट विसरता कामा नये. हक्क कायद्याने मिळतो, कौशल्य मिळत नाही. अमेरिकेत मायक्रोवेव्हमधील ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचा छंद पसरला आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. तेव्हा सामान्य माणसाने काय करावे आणि कोठे थांबावे, ही रेषा स्पष्ट आखली पाहिजे. प्लग व दोरी बदलणे, लिहिलेल्या क्षमतेचाच फ्यूज घालणे, धूळ काढणे, सेल बदलणे, एवढे घरी व्हावे. त्यापलीकडे अनुभवी हात हवा. संशयास्पद संच आधी बल्ब जोडलेल्या सिरीज बोर्डावर लावून पाहणे, कंडेन्सर रोधातून रिकामा करून मीटरने खात्री करणे, चालू संचात काम करताना एक हात खिशात ठेवणे, हे नियम जुना कारागीर उमेदवारीत शिकला. ते पुस्तकातून कमी आणि गुरूच्या धाकातून अधिक आले. तो कारागीर आता वृद्ध झाला आहे. त्याच्याबरोबर ही विद्याही जाणार असेल, तर उद्याचा हक्क कागदावरच राहील.

उपाय अवघड नाहीत. ज्या वस्तूंचे उत्पादन बंद झाले, त्यांच्या मंडलाकृती व दुरुस्तीची माहिती खुली करण्याचे बंधन उत्पादकांवर असावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा सुटीच्या दिवशी हौशी नागरिकांसाठी उघडाव्यात आणि जुन्या कारागिरांना मानधन देऊन तेथे शिक्षक नेमावे. निर्देशांकात, उपकरण कितपत उघडता येते याबरोबरच उघडल्यावर कोठे हात लावू नये, हेही नोंदविले जावे.

जुनी वस्तू टिकविणे ही काटकसर आहे आणि कचरा वाढू न देण्याचा मार्गही आहे. परंतु त्यासाठी कोणाचा जीव जावा, इतकी ती काटकसर महाग पडता कामा नये. उपकरण उघडण्याचा अधिकार देणाऱ्या शासनाने, ते सुरक्षितपणे उघडण्याचे शिक्षण देण्याची जबाबदारीही स्वीकारली पाहिजे.