एकाची लेखणी, दुसऱ्याची जीभ

मुलांनो, एक प्रश्न विचारू? नाटक कोणाचं असतं? लिहिणाऱ्याचं की बोलणाऱ्याचं? लगेच उत्तर देऊ नका हं. आधी एका जोडीची गोष्ट ऐका.

दोघांनी मिळून नाटकं करायची, ही रीत जगात पुष्कळ ठिकाणी आहे. अमेरिकेत जॉर्ज कॉफमन आणि मॉस हार्ट हे दोघे एकत्र बसून नाटकं लिहीत. १९३७ साली त्यांच्या एका नाटकाला पुलित्झर हे मोठं पारितोषिक मिळालं. आपल्या कोकणातली जोडी मात्र जरा निराळी. त्यातल्या एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने ते बोलून गावोगाव पोचवलं.

लिहिणारे होते गंगाराम गवाणकर. राजापूर तालुक्यातलं माडबन हे त्यांचं गाव. पोटासाठी मुंबईत आले, तिथे चित्रकला शिकले, टेलिफोन खात्यात नोकरी केली. पण कानात गावाची बोली घुमत राहिली. बोलणारे होते मच्छिंद्र कांबळी. ते आपल्या मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे. पुढे १९८२ साली त्यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढली, तेव्हा तिला नाव दिलं गावच्या देवीचं, 'भद्रकाली'!

१६ फेब्रुवारी १९८० रोजी गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगमंचावर आलं. गावकरी मंडळी हौसेने महाभारतातलं नाटक बसवतात आणि जिथे तिथे घोटाळे होतात, अशी त्याची गंमत. त्यातले तात्या सरपंच म्हणजे मच्छिंद्र कांबळी. आता तुम्हांला वाटेल, पहिल्याच दिवशी थिएटर भरलं असेल. छे! सुरुवातीला गर्दीच होईना. अख्खं नाटक मालवणीत, मग मुंबई-पुण्याच्या लोकांना ते कळणार कसं, अशी शंका. पण पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहिला आणि कौतुकाचं पत्र लिहिलं. मग हळूहळू लोक येऊ लागले. पुढे या नाटकाचे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले. आपली मालवणी थेट लंडनला जाऊन आली, बरं का!

एवढं कशामुळे झालं? तुम्ही जत्रेत दशावतार पाहता ना? त्यात लिहिलेले संवाद नसतात. कथा ठरलेली, पण बोलणं तिथल्या तिथे सुचलेलं. मच्छिंद्रांकडे तीच हजरजबाबी वृत्ती होती. समोरचे प्रेक्षक बघून ते प्रयोगात नवीन वाक्य टाकत आणि हशा पिकवत. पण नीट विचार करा. गवाणकरांनी पात्रं आणि प्रसंग पक्के बांधले होते, म्हणूनच ही भर शोभली. भिंतच नसेल तर चित्र काढणार कुठे? आणि चित्र नसेल तर नुसत्या भिंतीकडे बघणार कोण?

आता मुद्द्याचं सांगते. वर्गात एखादं मूल चटकन म्हणतं, "बाई, माका येना नाय." बाकीची हसतात. मग ते मूल दिवसभर गप्प बसतं. शुद्ध मराठी लिहायला यायलाच हवं, त्यात सूट नाही. पण घरातली बोली म्हणजे चूक नव्हे. याच बोलीत लिहिणारे गवाणकर २०१६ साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. आईबाबांनाही माझी विनंती, "असं गावठी बोलू नकोस" म्हणण्याआधी जरा थांबा.

मच्छिंद्र कांबळी २००७ साली गेले, गवाणकर २०२५ साली. पण 'भद्रकाली'चं काम थांबलं नाही. 'संगीत देवबाभळी' हे गाजलेलं नाटक याच संस्थेचं.

या आठवड्यात एक करून बघा. जोडी जमवा. एकाने आजीच्या किंवा कोळणीच्या तोंडचा दहा ओळींचा संवाद, ती जशी बोलते तसाच लिहायचा. दुसऱ्याने तो मोठ्याने बोलून दाखवायचा. जिथे जीभ अडखळेल तिथे दोघांनी मिळून दुरुस्त करायचा. मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हांलाच सापडेल.

येतंव तर मगे! पुढच्या आठवड्यात भेटूच.