गाडी कुठली, खिडकी कुठली

कल्याण स्टेशनात सगळ्या लोकल दिसायला सारख्याच. इंडिकेटर न बघता चढलात, की शहाड, आंबिवली करत टिटवाळ्याला यायच्या ऐवजी विठ्ठलवाडी, उल्हासनगर करत बदलापूरकडे निघालात म्हणून समजा. नोकरीच्या वर्षांत माझे असे दोनदा झाले. पण गाडी चुकली तर पुढच्या स्टेशनावर उतरून परत फिरता येते. गेल्या महिन्यात मी संगणकावर चुकीच्या गाडीत चढले, आणि तिथून परत फिरता आले नाही.

नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच, २६ जुलै २००५ च्या पुरात अण्णांची पत्रे भिजली. जेवढी वाचली तेवढी डोंबिवलीच्या भाच्याने सुकवून स्कॅन केली. एकूण ४१. ती त्याच्या घरच्या संगणकावर असतात आणि मी इथून माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवरून, कोन्सोल नावाच्या टर्मिनलमधून, एसएसएच करून तिथे जाते. माझ्याकडे ३२ पत्रांची जुनी, अपुरी प्रत होती. ती पुसून पूर्ण प्रत आणायची असे ठरवले. दोन खिडक्या उघड्या होत्या, एक टिटवाळ्याची, एक डोंबिवलीची. दोन्ही काळ्या, दोन्हींत अक्षरे पांढरी. मी आरएम ही पुसायची आज्ञा दिली आणि ती डोंबिवलीत चालली! या आज्ञेला कचरापेटी नसते. गेले ते गेले. नऊ पत्रे गेली.

भाचा एवढेच म्हणाला, "मावशी, जाऊ दे. दुसरी प्रत मी ठेवायला हवी होती." मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही.

जाणकार म्हणतील, ओळीच्या सुरुवातीला यंत्राचे नाव लिहिलेले असते, ते नीट वाचावे. बरोबर आहे. पण "नीट बघून लिही" हे मी वर्गात आयुष्यभर सांगत आले, आणि त्याचा उपयोग झालेला फारसा आठवत नाही. उपयोग झाला तो वर्गपाठाच्या आणि गृहपाठाच्या वह्यांना वेगळ्या रंगाची कव्हरे घालायला लावल्याचा. त्या दिवसापासून वह्यांची अदलाबदल थांबली. मुले तीच होती, हुशार झाली नव्हती.

टर्मिनललाही असे कव्हर घालता येते. त्याला प्रोफाइल म्हणतात. पार्श्वभूमीचा रंग, फॉन्ट, अक्षरांचा आकार अशा आवडीनिवडींचा तो एक संच. मी दोन केले : 'घर' म्हणजे पिवळसर कागदावर मोठी काळी अक्षरे, आणि 'परगाव' म्हणजे गडद लाल. मेनूत जाऊन माऊसने ते बदलता येतात. पण ज्या क्षणी बदलायला हवे नेमक्या त्याच क्षणी माणूस विसरतो. विसरत नसता तर बदलायची गरजच पडली नसती.

म्हणून माझे ठाम मत झाले आहे, की रंग बदलण्याचे काम माणसाच्या आठवणीवर सोडूच नये, ते प्रवासाच्या आज्ञेलाच बांधून टाकावे. कोन्सोलबरोबर कोन्सोलप्रोफाइल नावाची छोटी आज्ञा येते. ती चालू टॅबचा पेहराव तेवढ्यापुरता बदलते. बाकीच्या टॅबना धक्का लागत नाही. भाच्याने मला तीन ओळींचे फंक्शन लिहून दिले. पहिली ओळ खिडकी लाल करते, दुसरी एसएसएचने डोंबिवलीला नेते, तिसरी पुन्हा पिवळी करते. मी फक्त 'डोंबिवली' असे टाइप करते. (जीनोम टर्मिनलवाल्यांनी प्रोफाइलचे नाव देऊन नवी खिडकीच उघडावी.)

यात एक खुबी आहे. परत पिवळे करायची ओळ माझ्या लॅपटॉपवर आहे, डोंबिवलीच्या संगणकावर नाही. आमच्याकडे वीज गेली, राऊटर बंद पडला, की दुवा तुटतो, निरोप घ्यायला वेळच मिळत नाही. ती ओळ तिकडे असती तर खिडकी लालच राहिली असती. इकडे असल्यामुळे एसएसएच कुठल्याही कारणाने संपले, तरी पुढची ओळ चालतेच.

कल्पना काही नवी नाही. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनललाही मजकुराच्या ओघातून आज्ञा जात, एस्केप या अक्षराने सुरू होणाऱ्या. आपल्याकडे १९९१ च्या इस्की मानकातही मजकुराच्या मध्येच लिपी बदलण्याचा संकेत होता. लिहिता लिहिता रूप बदलण्याची सोय तेव्हापासून आहे. आपण ती वापरत नाही, एवढेच.

दोन सूचना. रंग दोनच ठेवा. सात ठेवलेत तर डोळा एकही बघणार नाही. आणि रंग म्हणजे दुसरी प्रत नव्हे. ती आता एका पेनड्राइव्हवर माझ्या कपाटात आहे आणि एक भाच्याकडे.

पण त्या दोन्हींत ३२ च पत्रे आहेत. अण्णांनी नाशिकहून आईला लिहिलेली नऊ त्यांत नाहीत. भाच्याने पूर्वी कुणाला ईमेलने पाठवली असतील, कुणी छापून घेतली असतील, तर कृपा करून जुने ईमेल, जुने ड्रॉवर एकदा बघा. एक जरी सापडले तरी फोन करा. रात्री उशीर झाला तरी चालेल.