बोले ठरावाला ‘कोरा कागद’ म्हणणाऱ्यांस

चवदार तळ्याचा इतिहास थेट २० मार्च १९२७ पासून सांगणारे सीताराम केशव बोले यांना सरळ वगळतात. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा ठराव त्यांनी मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत करून घेतला. तो कागदावरच राहिला, हा आक्षेप खरा. पण दोष ठरावाचा, की तो गुंडाळून ठेवणाऱ्या स्थानिक संस्थांचा? बोले तेथेच थांबले नाहीत. अशा संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव त्यांनी १९२६ मध्ये आणला. (आपल्याच ठरावाचा असा पाठपुरावा करणारे आमदार आजही विरळाच!) महाड नगरपालिकेने तळे खुले केले, ते बोले ठरावाच्याच आधारे. म्हणूनच डॉ. आंबेडकर तळ्यावर गेले ते मंजूर झालेला हक्क बजावण्यासाठी, सवलत मागण्यासाठी नव्हे.