मातीचा वाटा कोणी खाल्ला?

पहिल्या मोठ्या पावसात हिंदमाता, मिलन सबवे, सायन पाण्याखाली गेले की मुंबईत एक वाक्य ठरलेले असते : 'इंग्रजांच्या काळातली गटारे, ती पुरणार किती?' अधिकारी म्हणतात, पुढारी म्हणतात, टॅक्सीवालाही म्हणतो. इंग्रजावर खापर फोडणे सोयीचे आहे. तो काही खुलासा करायला येत नाही.

पण आरोपीची बाजू एकदा ऐकून घ्यावी. शहर भागातल्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला 25 मिलीमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असताना, आखलेल्या होत्या. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या शेजारचे दुसरे गृहीतक मात्र कोणी काढत नाही. पडलेल्या पावसातले निम्मेच पाणी वाहिनीत येईल, उरलेले जमिनीत मुरेल, असा तो हिशेब होता. वाड्या, तळी, खाजणे, मोकळी मैदाने असलेल्या गावाला तो लागूही पडत होता. 1985 च्या पुरानंतर नेमलेल्या सल्लागारांनी 1993 साली 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल दिला. त्यात पाऊस तासाला 50 मिलीमीटर धरला आणि मुरणारे पाणी शून्य. पाऊस दुप्पट, वाहून येणारा हिस्साही दुप्पट. म्हणजे वाहिनीवरचा भार चौपट. या चौपटीतली एक दुप्पट ढगांच्या नावावर लिहा. दुसरी सिमेंटच्या नावावर लिहावी लागेल. मातीचा निम्मा वाटा आपण खाल्ला आणि जेवणाचे बिल मात्र गटाराच्या नावाने फाडले.

वाहिन्या जुन्या झाल्या, विटांचे बांधकाम ढासळते आहे, त्या बदलाव्याच लागतील. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पैसा कधी येतो आणि कोणाच्या खिशातून येतो, याचा. 1993 च्या अहवालातला खर्च होता सुमारे 616 कोटी रुपये. फाईल बारा वर्षे पडून राहिली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस झाला, माणसे गाड्यांत गुदमरून मेली, जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांची समिती बसली आणि 2007 मध्ये केंद्राने 1200 कोटी मंजूर केले. बुडल्याशिवाय पैसा नाही, हे आपले वित्तीय धोरण! पैसा आल्यावरही गझदरबंधचे उदंचन (पंपिंग) केंद्र सुरू व्हायला 2019 उजाडले, आणि माहुल, मोगरा इथली केंद्रे जागेच्या घोळात अडकली.

आता ठरलेला आक्षेप : देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका, ठेवी हजारो कोटींच्या, मग पैशाचे रडगाणे कशाला? ठेवी मोडा! ठेवी 90 हजार कोटींच्या वर गेल्या होत्या, हे खरे. पण त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा, निवृत्तिवेतनाचा, कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा आहे, आणि उरलेल्यावर मोठमोठे प्रकल्प आधीच डोळा ठेवून बसलेत. शिवाय ठेव एकदाच मोडता येते. पंपाचे विजेचे बिल, पातमुखावरच्या, म्हणजे वाहिनी समुद्राला मिळते त्या तोंडावरच्या, झडपेची डागडुजी, वाहिनीत कॅमेरा सोडून करायची तपासणी, हा दर वर्षाचा खर्च आहे. शहराच्या 186 पातमुखांपैकी भरतीच्या पातळीच्या वर आहेत फक्त सहा. बाकीच्यांपुढे समुद्र दिवसातून दोनदा दार लावून घेतो. अशा शहराला पंप कायमचे लागणार, आणि कायमच्या खर्चाला कायमचे उत्पन्न हवे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : नालेसफाईत पैसे खाणाऱ्यांच्या हाती आणखी पैसे द्यायचे? मिठी नदीतल्या गाळाच्या 65 कोटींच्या कथित घोटाळ्यात 2025 च्या मे महिन्यात पोलिसांनी गुन्हा दाखल केला, तेव्हा हा संताप रास्तच. पण गाळाचे पैसे टनावर मिळतात, हे विसरू नका. जितका गाळ कागदावर जड, तितके बिल मोठे. नाला स्वच्छ राहण्यात कंत्राटदाराला कवडीचा फायदा नाही. मोबदला टनावर न देता वाहिनी पावसाळाभर वाहती राहण्यावर द्या. त्यासाठीही वेगळे खाते हवे, म्हणजे कोणता नाला किती पैसे खातो ते निदान दिसेल. आज तो खर्च अर्थसंकल्पाच्या पोटात गडप होतो.

हे खाते भरायचे कशातून? मालमत्ता कराचे देयक एकदा उलगडून पाहावे. त्यात मलनिःसारण कर आहे, शिक्षण उपकर आहे, रस्त्यांसाठी पथकर आहे, झाडांसाठीसुद्धा उपकर आहे. पावसाच्या पाण्यासाठी ओळ नाही. ती यावी, आणि आकारणी घराच्या किमतीवर नव्हे, तर भूखंडावर पाणी मुरू न देणारे किती चौरस मीटर आहेत, त्यावर व्हावी. जर्मनीतली शहरे असाच आकार घेतात. फिलाडेल्फियात पूर्वी हा खर्च नळाच्या मीटरवर लावला जाई. नळच नसलेली अवाढव्य वाहनतळे त्यातून फुकट सुटत. 2010 पासून तिथे झाकलेल्या जमिनीचा हिशेब सुरू झाला, आणि जो आपल्या आवारात पाणी अडवेल त्याला सूट मिळू लागली. आपल्याकडे 2002 पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. पण खड्डा गाळाने भरला की सोसायटीचे काही बिघडत नाही. त्या खड्ड्यामुळे बिल कमी होणार असेल, तर सचिव स्वतः जूनच्या आधी माणूस लावून तो उपसून घेतील.

गरिबाच्या माथी आणखी एक कर, अशी ओरड होईलच. पाचशे चौरस फुटांच्या आतल्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. तीच सूट इथेही द्यावी, झोपडपट्टीलाही वगळावे. झोपडीच्या पत्र्यावरून किती पाणी येते आणि मॉलच्या वाहनतळावरून किती, हे मोजायला सल्लागार नेमावा लागत नाही. पोडियमवर लॉन अंथरून त्याला 'ग्रीन' म्हणणारे टॉवर, रेल्वेची यार्डे, बंदराच्या फरशा, सरकारी वसाहतींची आवारे यांना मात्र माफी नको. आणि शेकडो किलोमीटर रस्ते कडेपासून कडेपर्यंत सिमेंटने लिंपणाऱ्या महापालिकेने पहिली पावती स्वतःच्याच नावाने फाडावी, चौरस मीटरच्या त्याच दराने.