स्टार्टअप चालवलेला माणूस परभणीच्या कॉलेजात शिकवू शकतो का?

समजा, एखाद्याने 15 वर्षं आरोग्य क्षेत्रात स्टार्टअप चालवलं. पीएचडी नाही, नेट-सेटही नाही. तो परभणीतल्या कॉमर्स कॉलेजात बिझनेस शिकवू शकतो का? नियम सांगतो, हो. पण खरी मेख पगारात आहे.

नियम काय आहे?

यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षांचा अनुभव हवा, पदवीची सक्ती नाही. अशी पदं मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. मुदत कमाल 3 वर्षं, अपवाद म्हणून आणखी 1 वर्ष.

अशा शिक्षकाचा फायदा काय?

एक उदाहरण बघा. मुंबईत 2005 मध्ये 1298 ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. खासगी रुग्णालयात जाणाऱ्याला पूर्ण भाडं, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याला सवलत, अपघातग्रस्ताला मोफत. उत्पन्नाचा दाखला न मागता, रुग्ण कुठे चाललाय यावरून दर ठरायचा. ही कल्पना पुस्तकातूनही शिकवता येते. पण पैसे न देणाऱ्या फेऱ्या वाढल्या तर डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार कुठून काढायचा, हे धंदा केलेला माणूसच नीट सांगू शकतो.

मग अडचण कुठे?

या पदाच्या मानधनाचे तीन मार्ग आहेत. उद्योगाने द्यायचं, संस्थेने स्वतःच्या निधीतून द्यायचं किंवा मानद काम करायचं. मोठ्या आरोग्य कंपन्या मुंबई-पुण्यात एकवटल्या आहेत. कापूस-सोयाबीनच्या परभणीत पहिला मार्ग अवघड, दुसरा कॉलेजच्या तिजोरीवर अवलंबून. उरतो मानद. पण पुण्याचा माणूस फुकटात परभणीला किती वेळा येणार?

दुसरा धोका म्हणजे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांचा. या पदामुळे मंजूर पदांवर परिणाम होऊ नये, असं यूजीसीच म्हणते. रिकाम्या जागा तशाच ठेवून पाहुणे आणले, तर तो हेतूच फसेल.

परभणीला याचा उपयोग आहे का?

आहे. 2023 मध्ये परभणीत 100 जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिंतूर-गंगाखेडहून येणारे रुग्ण, डॉक्टर आणि कॉमर्सचे विद्यार्थी एकाच शहरात आहेत. त्यांची गाठ घालून देणारा शिक्षक हवा.

त्यामुळे तुमच्या कॉलेजने अशी नेमणूक जाहीर केली, तर तीन प्रश्न विचारा: मानधन कोण देणार? महिन्यातून किती दिवस वर्गावर? आणि मंजूर पदं भरली का?