परसदारी : वाफ्याला पांघरूण

हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्या बॅकयार्डातली भेंडी काळी पडलेली असेल, दुधीचा वेल कुंपणावर मान टाकून लोंबत असेल, आणि एप्रिलपासून दुपारच्या चहानंतर हमखास वाफ्यापाशी सापडणारे आजी-आजोबा आता खिडकीपाशी सापडू लागले असतील. शिकागोच्या उपनगरांत आमच्यासारखी बरीच घरं आहेत, जिथे आईवडील कायमचे राहायला आलेत. गाडी चालवता येत नाही, शेजारणीचं इंग्रजी कळत नाही, टीव्ही तरी किती बघणार? वाफा हे त्यांचं स्वतःचं राज्य. तिथे त्यांना कोणाला विचारावं लागत नाही, उलट आपणच त्यांना विचारतो. नोव्हेंबर आला की त्या राज्याला कुलूप लागतं ते थेट एप्रिलपर्यंत. म्हणून या खेपेला विषय असा घेतलाय, की कडाक्याच्या थंडीत वाफ्याचं नेमकं होतं काय आणि कुलूप लावायची खरंच गरज आहे का?

आधी थंडीचा हिशेब मांडू. निफाडला पारा पाच-सहा अंश सेल्सिअसवर घसरला की पेपरात बातमी येते. द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. इथे ३० जानेवारी २०१९ रोजी ओ'हेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सिअस! आणि गंमत पुढेच आहे. आठवडा उलटायच्या आत पारा चाळीस फॅरनहाइटच्या वर गेला. वाफ्याच्या दृष्टीने त्या उणे तेवीसपेक्षा ही उडी जास्त वाईट.

कारण असं. मातीतलं पाणी गोठताना खालची ओल वर ओढली जाते, बर्फाच्या चकत्या जमतात आणि माती वर उचलली जाते. ऊन पडलं की वरचा थर वितळून खाली बसतो, रात्री पुन्हा उचलला जातो. या वरखाली होण्यात कोवळी मुळं तुटतात. लसणाची पाकळी तर चक्क जमिनीबाहेर फेकली जाते. शिकागोत घराचा पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो तो याच भीतीने. अख्ख्या घराला जी शक्ती हलवू शकते, तिच्यापुढे पालकाच्या मुळाची काय कथा!

रोपांची स्वतःचीही थोडी तयारी असते. पालक, केल, गाजर, कोथिंबीर या मंडळींना सप्टेंबर-ऑक्टोबरातला वाढता गारवा कळतो आणि ती पेशींत साखर साठवू लागतात. साखरेच्या पाण्याचा गोठणबिंदू साध्या पाण्यापेक्षा खाली, हे आपण शाळेत शिकलोच. बर्फ आधी पेशींच्या बाहेर होतो, आतला पाक घट्ट होत जातो आणि रोप तग धरतं. दोन-चार वेळा दंव पडून गेल्यावर उपटलेलं गाजर गोड लागतं ते यामुळे. हलव्याला साखर जरा हात राखून घाला! भेंडी, वांगी, मिरची, दुधी यांना ही विद्या येत नाही. दंव पडलं की खेळ खलास. त्यांचं दुःख करत बसू नये.

आता स्नोबद्दल. ड्राइव्हवेवर शत्रू वाटणारा हा स्नो वाफ्याचा मित्र आहे. ताज्या दहा इंच स्नोचं साधारण एक इंच पाणी होतं, बाकी सगळी हवा. गोधडीच्या थरांत हवा अडकते तशीच ही. अशा गोधडीखाली जमिनीचं तापमान वरच्या हवेसारखं उड्या मारत नाही. पण शिकागोचा स्नो बेभरवशाचा. थंडीची लाट येते त्या दिवशी जमीन उघडी असली की झालं! अमेरिकन कृषी खात्याने २०२३ मध्ये हार्डिनेस झोनचा नवा नकाशा काढला. १९९१ ते २०२० च्या नोंदींवरून सुमारे निम्मा देश अर्ध्या झोनने उबदार ठरला. तेवढ्यावर खूश होऊ नका. तो नकाशा फक्त वर्षातल्या नीचांकी तापमानाची सरासरी सांगतो. स्नो किती टिकेल, जमीन किती वेळा गोठेल-वितळेल, हे त्यात नाही.

म्हणून भरवशाची गोधडी आपणच घालायची. रोगट टोमॅटोचे वेल आधी उपटून टाका, करप्याचे जंतू त्यातच हिवाळा काढतात. माती कोरडी असेल तर गोठण्यापूर्वी एकदा पाणी द्या. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडतं, त्यामुळे ओली माती सावकाश गोठते. मग मेपलची पानं लॉनमोअरखाली बारीक करून, नाहीतर गव्हाचं काड, चार ते सहा इंच पसरा. हॅलोवीन संपलं की दारोदारी शोभेला ठेवलेले काडाचे गठ्ठे लोक टाकूनच देतात, शेजाऱ्यांना विचारायला लाजू नका. मात्र स्ट्रॉ घ्या, हे नको. हे म्हणजे वाळलं गवत, त्यातलं बी पुढच्या वर्षी तुमच्या वाफ्यात उगवतं. आणि फावड्याने वाफ्यावर स्नो टाकायचा तर लॉनवरचा टाका. ड्राइव्हवेवरच्या स्नोत मीठ असतं.

ज्यांना आणखी हौस आहे त्यांच्यासाठी मेन राज्यातल्या एलियट कोलमन यांचं उदाहरण. या शेतकऱ्याने हीटर न लावता, नुसत्या पांघरुणाखाली भर हिवाळ्यात पालेभाज्या काढून दाखवल्या आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा ठोकताळा असा, की एक पांघरूण घातलं की वाफा सुमारे दीड झोन दक्षिणेला सरकतो, दोन घातली की तीन. मात्र दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की वाढ जवळजवळ थांबते. शिकागोत हा काळ साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा सप्टेंबरात पेरलेला पालक त्याआधी हाताएवढा व्हायला हवा. पुढे तो काडाखाली नुसता झोपतो आणि एप्रिलमध्ये, शेजाऱ्यांचं बी पाकिटात असताना, तुमच्या ताटात पातळ भाजी असते.

आणि हा अंक वाचून एकच गोष्ट करणार असाल तर लसूण लावा. कोजागिरी ते दिवाळी हा साधारण मुहूर्त धरा. तिकडेही रब्बीचा लसूण याच सुमाराला लावतात. फरक एवढाच, की तिकडे चार-पाच महिन्यांत निघतो आणि इथे जुलै उजाडतो. गोठ्यात ठेवलेला नव्हे, रानात सोडलेला लसूण तो! गड्डा नीट भरायला लसणाला काही आठवड्यांची थंडी लागतेच. कडक दांड्याची जात घ्या, 'म्युझिक' नावाची चांगली येते. पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, सहा-सहा इंचांवर.

आमच्या घरी हे खातं आईंकडे आहे. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, म्हणून त्या स्टुलावर बसून पाकळ्या निवडतात, नातू खड्डे करतो आणि काड आम्ही वाहतो. लावून झालं की किती पाकळ्या गेल्या ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात. मग जानेवारीत सगळं पांढरं झालं तरी जेवताना विषय निघतोच. खाली मुळं धरली असतील का, काड उडालं तर नाही ना, जूनमध्ये दांडे आले की पिठल्यात घालू. बाहेर पाऊल टाकता येत नसतं, पण तिथे आपलं काहीतरी चालू आहे, हे त्यांना ठाऊक असतं. पाच महिने खिडकीशी बसणाऱ्या माणसाला याहून जास्त द्यायला आमच्यापाशी तरी काही नाही.

एप्रिलमध्ये हिरवे कोंब दिसले की काड थोडं बाजूला सारा. सगळं एकदम काढू नका, थंडी परत फिरून येते. पुढच्या अंकात, घरात आणल्यावर रुसून पानं गाळणाऱ्या कढीपत्त्याबद्दल. तोवर दिवाळीच्या शुभेच्छा, आणि फराळाआधी वाफ्याला पांघरूण घाला!