एकट्याची वाट

गेल्या हिवाळ्यात येरुहामजवळच्या मख्तेश गादोलमध्ये मी कॅमेरा घेऊन एकटाच गेलो होतो. दानपासून एलातपर्यंत सुमारे १,००० किलोमीटर जाणारी, १९९५ साली खुली झालेली पायवाट येथूनच जाते. नारिंगी, निळा व पांढरा असे तीन पट्टे ही तिची खूण. रंगीत वाळूचे छायाचित्र टिपण्याच्या मोहाने मी ती खूण सोडून कोरड्या ओढ्यात उतरलो. डोक्यावर आकाश निरभ्र होते. पश्चिमेच्या कड्यावर मात्र ढग दाटत होते. नेगेवची उघडी जमीन पाणी फारसे शोषीत नाही; दूर पडलेला पाऊसही लोंढा होऊन येतो, आणि या खळग्याचे पाणी एकाच खिंडीतून बाहेर पडते. हे ध्यानी येताच छायाचित्राचा नाद सोडून मी वर चढलो.

पूर आला नाही. परंतु मी कोठे आहे हे घरी कोणासही ठाऊक नव्हते, या विचाराने काळजात धस्स झाले. आता निघण्यापूर्वी वाट व परतण्याची वेळ चिठ्ठीवर लिहून पत्नीच्या हाती देतो. एकट्याने अवश्य चालावे. घरच्यांना अंधारात ठेवून मात्र नव्हे.